नऊ नंबरची जागा



पत्रिकेत माझा विषय 'एका तरुण स्ट्रायकरची सुरुवातीची वर्षं' असा छापला आहे. तो स्ट्रायकर म्हणजे कोल्हापूरचा अनिकेत जाधव. त्याच्याविषयी बोलणारच आहे. पण एक गोष्ट मनात धरून मी आंबा घाट उतरलोय आणि ती तुम्हाला पटवल्याशिवाय परत चढणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. (हशा) गोष्ट अशी की, गोल करणारा पोरगा 16 ते 20 या वयात, त्याच्या स्वतःच्या जागेवर, भरपूर सामने खेळला तरच घडतो. शिबिरं हवीत, चांगले बूट हवेत, अंडी-दूध हवं, प्रशिक्षक तर हवाच. पण सामने नसतील, तर बाकी सगळ्यावर पाणी.

2017 साली आपल्या देशात 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. नवी मुंबईत, गोव्यातही सामने होते. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ते पाहिले असतील, तेव्हा त्याचा इतिहास उगाळत नाही. भारताच्या पोरांना आधी निकोलाय ॲडम या जर्मन प्रशिक्षकाने तयार केलं, नंतर पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस आले. त्या संघात आपला अनिकेत होता. जन्म जुलै 2000, गाव कोल्हापूर, शिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. ज्या वयात पोरं आईच्या हातचं खाऊन गल्लीत खेळतात, त्या वयात हा वसतिगृहात राहिला.

6 ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेशी पहिला सामना. मैदानात 40 हजारांहून जास्त माणसं, आणि सगळ्यांत पुढे अनिकेत, एकटा. एकट्या स्ट्रायकरचं काम काय असतं, ते जरा सांगतो, कारण टीव्हीवर ते दिसत नाही. कॅमेरा चेंडूमागे असतो आणि चेंडू याच्याकडे क्वचित येतो. पाठ गोलकडे, अंगावर दोन धिप्पाड बचावपटू. मागून लांब पास आला की तो छातीवर घ्यायचा, मागचे सोबती वर येईपर्यंत पायात दाबून धरायचा. आला नाही तरी धावायचं, म्हणजे बचावपटू त्याच्यामागे सरकतात आणि दुसऱ्या कुणाला वाट मोकळी होते. नव्वद मिनिटांत खरी संधी एखादीच, आणि ती हुकली की तेवढीच लोकांच्या लक्षात राहते. त्या सामन्यात अन्वर अलीचा फटका क्रॉसबारला लागला, चेंडू परत आला आणि तिथूनच अमेरिकेने चाल रचून तिसरा गोल केला. आपण 0-3 हरलो. पुढे कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने कॉर्नरवर हेडर मारला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल. जॅक्सन मिडफिल्डर, हे लक्षात ठेवा.

(श्रोत्यांतून : "अनिकेतचे गोल किती?")

आलाच प्रश्न! (हशा) काका, विश्वचषकात एकही नाही. पण तुम्ही गोल विचारलेत, मी सामने विचारतो. विश्वचषक संपल्यावर फुटबॉल महासंघाने ही पोरं घरी पाठवली नाहीत. त्यांचा 'इंडियन ॲरोज' हा संघ आय-लीगमध्ये उतरवला. एकही परदेशी खेळाडू नाही, सगळी कोवळी पोरं, समोर मोठ्या माणसांचे संघ. 29 नोव्हेंबर 2017, गोव्यात बांबोळीला पहिला सामना, चेन्नई सिटीविरुद्ध. ॲरोजने तो 3-0 जिंकला आणि त्यांतले दोन गोल अनिकेतचे. (टाळ्या) दिल्लीनंतर दोन महिनेही झाले नव्हते. एवढ्यात पोराचे पाय बदलले का? बदललं ते एवढंच की, आज चुकलो तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा मीच पुढे उभा असणार, ही खात्री त्याला मिळाली. दहा संघांची लीग, प्रत्येकाला अठरा सामने. ॲरोज त्या मोसमात तळाला राहिले, पण त्यांना खालच्या विभागात ढकलायचं नाही असा नियमच होता. चुकायची मोकळीक नियमात लिहून ठेवली होती! आपल्या देशात स्ट्रायकरसाठी याहून शहाणा नियम मी तरी पाहिलेला नाही. तो संघ 2022 मध्ये बंद करण्यात आला, याचं मला अतोनात वाईट वाटतं.

आता कोल्हापूर म्हटल्यावर दोन शब्द तालमींबद्दल. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, ही नावं इकडच्या चाकरमान्यांनी ऐकली नसतील. कुस्तीच्या तालमी जिथे, तिथेच हे फुटबॉल संघ वाढले. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठ बंद पडते. दुकानदार शटर अर्ध्यावर ओढून जातो, आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन जातात आणि गॅलरीत कुठे बसायचं, हे कुठल्या पेठेत जन्मलात त्यावरून ठरतं. कुणाच्या बापाने कुठल्या साली कुठल्या तालमीवर गोल केला, हे तिथे सातबाऱ्यासारखं पाठ असतं. पराभव झाला तर घरी जेवण होत नाही. आणि पोरगा? त्याला कुणी शिकवत नाही, तो बघतो. मोठा खेळाडू चेंडू येण्याआधी मान कशी वळवतो, धक्का बसणार हे कळल्यावर पाय कुठे रोवतो, हे तो गॅलरीच्या कठड्याला लटकून बघतो आणि संध्याकाळी गल्लीत करून पाहतो. अनिकेतसारखी पोरं याच मातीतून येतात. अलीकडे याच तालमींत आफ्रिकेतून आलेले खेळाडूही दिसतात, आणि त्यांच्याकडून अपेक्षा गोलाची...

चिठ्ठी आली. 'वीस मिनिटं उरली.' बरं. तालमी इथेच थांबवतो, पण शेवटचं वाक्य धरून ठेवा, मला तिथूनच पुढे जायचं आहे.

अनिकेत इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही काळ सरावाला जाऊन आला. तो क्लब पुण्याच्या वेंकीज मंडळींच्या मालकीचा. मग 2019 मध्ये जमशेदपूर. त्याच ऑक्टोबरात हैदराबादविरुद्ध त्याने इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, गोल केला. पुढे तो हैदराबादकडेच गेला आणि 20 मार्च 2022 ला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबाद विजेते झाले. कुणीही म्हणेल, उत्तम चाललंय. पण तो खेळला कुठे, ते पाहा. जमशेदपूरला मध्ये स्पेनचा सर्जिओ कास्टेल, हैदराबादला मध्ये नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे. ओगबेचेने त्या मोसमात 18 गोल केले. आणि आपला नऊ नंबरचा, म्हणजे मधल्या स्ट्रायकरच्या जागेचा, पोरगा बाजूच्या रेषेवर, विंगर. मेहनती आहे, धावतो, मागे येऊन बचाव करतो, म्हणून त्याला तिथे ठेवलं.

मी परदेशी खेळाडूंच्या विरोधात बोलतोय, असं कृपा करून समजू नका. ओगबेचेला सरावात रोज जवळून पाहणं हेही शिक्षणच आहे. प्रशिक्षकालाही दोष देत नाही. त्याला रविवारचा सामना जिंकायचा असतो. आयएसएलने एका वेळी मैदानात उतरणाऱ्या परदेशी खेळाडूंची मर्यादा सहावरून पाचवर आणि 2021 मध्ये चारवर आणली. चांगलं केलं. पण त्या चारांतला एक बहुतेक वेळा स्ट्रायकरच असतो. सुनील छेत्रीचंच घ्या. बेंगळुरूत परदेशी स्ट्रायकर मिकू मध्ये खेळायचा आणि छेत्री डावीकडून. छेत्री तिथूनही गोल करत राहिला, कारण तो छेत्री. निवृत्त झालेल्या त्याच छेत्रीला मार्च 2025 मध्ये, वयाच्या 40 व्या वर्षी, देशाने परत बोलावलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध तो उतरला आणि त्याने गोलही केला. तुम्ही टाळ्या वाजवाल, मीही वाजवल्या. पण दीडशे कोटींच्या देशाला चाळिशीतला माणूस परत बोलवावा लागतो, याचं कारण आपण विशीतल्यांना ती जागा दिलीच नाही.

जर्मनीचं उदाहरण थोडक्यात. 2000 च्या युरो स्पर्धेत जर्मनी गटात तळाला राहिली. त्यांनी बुंडेसलीगाच्या क्लबांना पोरांच्या अकादम्या सक्तीच्या केल्या. त्या व्यवस्थेतला युसूफा मुकोको. जन्म कॅमेरूनचा, वाढला हॅम्बुर्ग आणि डॉर्टमुंडमध्ये. 2020 मध्ये बुंडेसलीगाने खेळण्याचं किमान वय 16 वर आणलं आणि 21 नोव्हेंबरला, सोळावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो डॉर्टमुंडकडून उतरला. त्याच्यासाठी बाहेर कोण आलं? त्या दिवशी चार गोल केलेला हालांड. महिनाभरात मुकोकोने युनियन बर्लिनविरुद्ध पहिला गोल केला. पुढे त्याची वाट सोपी राहिली नाही, दुसऱ्या क्लबांकडे जावं लागलं. पण हालांडसारखा माणूस असतानाही त्या पोराला त्याच्या जागेवर मिनिटं मिळाली, मला एवढंच दाखवायचं आहे.

संयोजक उभे राहिलेत, तेव्हा आता तुमच्या संगमेश्वर तालुक्यावर येतो. इथे पोरं कबड्डी, क्रिकेट खेळतात, फुटबॉल कोण खेळणार, असं सकाळी मला एकाने विचारलं. अहो, भात कापल्यावर पावसापर्यंत तुमची शेतं मोकळी असतात आणि घाटीवाटा चढून तुमच्या पोरांचे पाय तयार असतात. अडचण वेगळी आहे. शालेय स्पर्धा बाद पद्धतीची. तालुक्याला संघ गेला, एक सामना हरला, घरी आला. पोराचा वर्षभराचा फुटबॉल तासाभरात संपला! त्या तासात त्याने एक संधी दवडली तर शिक्षक पुढच्या वर्षी दुसऱ्याला उभं करतात. अशाने स्ट्रायकर कसा होईल?

म्हणून मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. संगमेश्वर, देवरूख, साखरपा, माखजन इथल्या शाळांनी मिळून एक लीग सुरू करा. प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, हरलेल्याला घरी पाठवणं बंद. पैसा फारसा लागत नाही, चेंडू आणि शिट्टी लागते. आणि पुढे उभ्या राहणाऱ्या पोराला मोसमभर हलवू नका, कितीही चुकला तरी.

शेवटची चिठ्ठी वाचतो. 'मुलींचं काय?' ज्या ताईंनी विचारलं, त्यांचे आभार. 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही भारतात झाला. अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. एकही गोल नाही. त्या पोरी कमी पडल्या, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामागे पुरेसे सामने नव्हते. त्यामुळे लीग सुरू कराल, तेव्हा मुलींची त्याच आठवड्यात, त्याच मैदानावर सुरू करा. पुढच्या वर्षी सुरू झाली तर मला कळवा, मी स्वखर्चाने येईन आणि शिट्टी वाजवीन.