राणीची बाग कोणासाठी?



मुंबईत भायखळ्याला जी बाग आहे तिचे अधिकृत नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असे आहे. परंतु लालबाग, परळ, चिंचपोकळी, माझगाव या परिसरातील तीन-तीन पिढ्या तिला 'राणीची बाग' म्हणूनच ओळखतात. परकीय राणीचे नाव जाऊन शिवरायांच्या मातोश्रींचे नाव आले, हे योग्यच झाले. मात्र नामफलक बदलणे हे एका दिवसाचे काम असते, आणि त्या नावाला शोभेल अशी वास्तू राखणे हे पिढ्यांचे. आजच्या विवेचनाचा विषय हा दुसऱ्या कामाचा आहे.

या उद्यानाचा जन्म प्राणिसंग्रहालय म्हणून झालेला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची मूळ बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली, तेव्हा भायखळ्याच्या सुमारे ३३ एकर जमिनीवर नवे वनस्पती उद्यान उभे राहिले आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. १८७३ मध्ये ती संस्था संपुष्टात आली व बाग नगरपालिकेकडे गेली. १८९० मध्ये आणखी सुमारे १५ एकरांची भर पडली, ती प्राण्यांसाठी. म्हणजे आधी वृक्ष आणि मग पिंजरे, असा हा क्रम आहे. पुढे मात्र लोकांच्या आणि प्रशासनाच्या मनात हा क्रम उलटा झाला आणि बहुतेक घोटाळे तेथूनच सुरू झाले.

आज येथे ३,००० हून अधिक झाडे असून त्यांच्या २८० हून अधिक प्रजाती आहेत. गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा, अंगभर फुले लेवून उभा असलेला कैलासपती, सीतेचा अशोक, आणि ब्रह्मदेशातून आलेली, फुलांच्या लालसर झुंबरांनी लगडणारी उर्वशी असा हा ठेवा आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मुंबईत याहून मोठी प्रयोगशाळा मिळणार नाही. हत्तीला केळे देण्याच्या आठवणी सांगणारे मुंबईकर शेकडो भेटतात. उर्वशीचे झाड नेमके कोठे आहे हे सांगू शकणारा मात्र क्वचितच आढळतो.

उद्यानाच्या आवारातच १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले वस्तुसंग्रहालय आहे. ते उभे राहावे म्हणून ज्यांनी जिवाचे रान केले त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट ही नावे अग्रभागी होती. १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले, आणि त्यानंतरची पाव शतकाहून अधिक वर्षे ही इमारत ओल, वाळवी आणि अनास्था यांच्या स्वाधीन राहिली. २००३ मध्ये महापालिका, 'इन्टॅक' आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. कारागिरांनी छताचे नक्षीकाम, लोखंडी खांब, काचेची कपाटे अशी एकेक वस्तू मुळाबरहुकूम पूर्ववत केली. २००५ मध्ये युनेस्कोने या कामाला आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार दिला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. सरकारी मालमत्ता, खाजगी निधी आणि जाणकारांची देखरेख यांची सांगड बसली तर काय घडते, याचे हे भायखळ्यातलेच उदाहरण आहे. ते पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही.

संग्रहालयाबाहेर दगडी हत्ती उभा आहे. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव दिले, तोच हा हत्ती. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात तो कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. पुढे १९६५ मध्ये काळा घोडाही, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, फोर्टातून हलवून येथेच आणण्यात आला. उद्ध्वस्त झालेला हत्ती आणि पदच्युत झालेला राजा एकाच आवारात आहेत. शाळकरी मुलांना इतिहास शिकवायला आणखी काय हवे? परंतु बहुसंख्य सहली त्यांच्यासमोरून थेट पिंजऱ्यांकडे जातात.

आता मूळ प्रश्न. ही बाग आहे कोणासाठी? तिच्या भोवती गिरणगाव वसले होते. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे, पाळीपाळीने झोपणारे कामगार, सामायिक नळ असे ते जीवन होते. अशा कुटुंबाला रविवारी मुलाबाळांसह हिरवळीवर बसून डबा उघडता येईल अशी जागा म्हणजे राणीची बाग. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासासाठी तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ रिकाम्या जमिनीपुरते उरले. उच्च न्यायालयात लोकांची बाजू टिकली, परंतु २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणगावाला मिळू शकली असती ती मैदाने आणि बागा अशा रीतीने टॉवरांच्या पायाखाली गेल्या. विकास आराखड्याच्या तयारीत २०१२ च्या सुमारास झालेल्या पाहणीनुसार मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम १.२४ चौरस मीटर भरली, तर केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांना १० ते १२ चौरस मीटर अपेक्षित आहे. या पार्श्वभूमीवर राणीच्या बागेचा प्रत्येक एकर म्हणजे श्रमिकाच्या घराचे अंगण आहे.

आणि याच काळात बागेच्या 'कायापालटा'चे बेत आखले जात होते. २००७ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाचा चारशे कोटींच्या वर जाणारा आराखडा पुढे आला. तेव्हा काही नागरिक, त्यांतही प्रामुख्याने महिला, 'राणीबाग वाचवा' म्हणून उभ्या राहिल्या. त्यांनी केवळ घोषणा दिल्या नाहीत. झाडे मोजली, ओळखली, नोंदवली, वारसा समितीपुढे कागद मांडले. मूळ आराखडा मागे पडला आणि आटोपशीर स्वरूपात काम झाले. चळवळीने अभ्यासाची जोड घेतली तर प्रशासनाला ऐकावे लागते, हे या भगिनींनी दाखवून दिले. मार्च २०१७ मध्ये पेंग्विन दर्शनास खुले झाले, गर्दी लोटली. आणि त्याच वर्षी प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. चौघांच्या कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवली गेली, हे नमूद केलेच पाहिजे. प्राण्यांच्या देखभालीला पैसा लागतो, हेही खरे. तरीही प्राणी पाहायचे नसून केवळ झाडाखाली बसायचे आहे अशा कामगाराने तेच शुल्क का द्यावे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कची कथा येथे उपयोगी पडेल. १९३४ मध्ये या उद्यानाची नवी रचना झाली, ती रस्त्यापासून चार फूट उंच चौथऱ्यावर, दाट झुडपांच्या आणि लोखंडी कठड्यांच्या आड. दिसायला शोभिवंत, परंतु आत काय चालले आहे ते बाहेरून दिसेना. १९७० च्या दशकात सभ्य माणसांनी तिकडे पाठ फिरवली आणि अमली पदार्थांच्या विक्रेत्यांनी ती जागा व्यापली. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने निष्कर्ष काढला की दोष त्या उद्यानाच्या एकांतात आहे. गुंडांना हाकलण्यापेक्षा इतरांना बोलवा. व्हाइट यांची पद्धत साधी होती. माणसे कोठे बसतात, किती वेळ बसतात, हे पाहत राहायचे आणि मोजायचे. एखाद्या उद्यानात स्त्रियांचे प्रमाण घटले की तेथे काहीतरी बिघडले आहे, असे ते समजत. आपल्याकडच्या कोणत्याही आजीबाईने हेच सांगितले असते, पण तिला आराखड्याच्या बैठकीला कोणी बोलावत नाही!

१९८८ मध्ये ते उद्यान बंद करून १९९२ मध्ये नव्याने उघडले. दरम्यान हिरवळीखाली शेजारच्या ग्रंथालयासाठी तळघरात पुस्तकांची कोठारे बांधली गेली. वरच्या भागात मात्र भव्य असे काहीच केले नाही. झुडपे काढली, प्रवेशमार्ग वाढवले व रुंद केले, स्वच्छतागृह नीट केले आणि उचलून कोठेही नेता येतील अशा हलक्या खुर्च्या ठेवल्या. खुर्च्या चोरीला जातील ही भीती निराधार ठरली. खर्च आसपासच्या मालमत्ताधारकांच्या अधिभारातून आणि उपाहारगृहांच्या भाड्यातून निघू लागला. या शेवटच्या गोष्टीचे अनुकरण करताना सावधगिरी हवी. उत्पन्न हेच ध्येय झाले की बागेचा बाजार होतो, आणि ब्रायंट पार्कवरही तशी टीका झालेलीच आहे.

राणीच्या बागेशेजारच्या मफतलाल गिरणीच्या जमिनीचा काही भाग विस्तारासाठी महापालिकेकडे आला आहे, आणि तेथे विदेशी प्राणी आणण्याची योजना मांडली गेली. तीच जमीन परिसरातील मुलांच्या खेळासाठी, विनाशुल्क, वेगळ्या प्रवेशद्वारासह ठेवता येणार नाही काय? जुन्या बागेत नवे बांधकाम एक वीटही न वाढवता झाडांना मराठी नावांचे ठळक फलक, पुरेशी बाके आणि स्त्रियांसाठी वापरण्याजोगी स्वच्छतागृहे एवढे देता येईल. पहाटे फिरायला येणारे आणि दुपारी सावलीला येणारे यांची गरज वेगवेगळी आहे; वेळा आणि शुल्क त्यांना विचारून ठरवावेत.

त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. भायखळा-लालबागची गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे, शाळा यांनी चार कार्यकर्ते चार रविवार दरवाजाशी उभे करावेत. हातात वही-पेन्सिल असावी. कोण आले, कोठून आले, किती वेळ थांबले, तिकिटाचा दर पाहून कोण माघारी फिरले, आणि त्यांत बायका-मुले किती, याची नोंद ठेवावी. उद्यान बुधवारी बंद असते, त्या दिवशी बसून आकड्यांची बेरीज करावी आणि तो कागद स्थानिक नगरसेवकाच्या हाती द्यावा.