केळ आणि बदलते हवामान

(जागतिक पर्यावरण दिनी शाळेतील मुलांपुढे केलेले भाषण)



आज ५ जून, जागतिक पर्यावरण दिन. आज मी तुम्हांला तुमच्या ओळखीच्या एका झाडाची गोष्ट सांगणार आहे. आपल्या मॉरिशसमध्ये ते अनेकांच्या परसात असते. सत्यनारायणाच्या पूजेला त्याचे खांब लागतात. नैवेद्य त्याच्या पानावर वाढतात. त्याचे फळ तर तुमच्या डब्यातही असते. ओळखलेत ना? बरोबर, केळ!

आता मला सांगा, आंब्यात कोय असते, पपईत बिया असतात. आपण खातो त्या केळ्यात बी सापडते का? नाही. मग नवी केळ येते कशी? जुन्या केळीच्या बुंध्याशी कोंब फुटतात. त्यांना मुनवे म्हणतात. शेतकरी ते काढून दुसरीकडे लावतो.

बियांपासून उगवलेली झाडे सख्ख्या भावंडांसारखी असतात. एखादे ऊन जास्त सोसते, एखादे कमी. पण मुनव्याचे झाड हुबेहूब आईसारखे असते. म्हणून एका जातीच्या केळीची सारी बाग एकसारखी असते. एका झाडाला जे सोसत नाही, ते कोणालाच सोसत नाही.

आणि आज हवामान बदलत आहे. कोळसा आणि पेट्रोल जाळल्याने हवेत वायू साठतात व पृथ्वी तापते. कोठे पाऊस लांबतो, तर कोठे एकदम कोसळतो. केळीची पाने मोठी, म्हणून तिला पाणी फार लागते. तिची मुळे मात्र उथळ असतात. पाऊस लांबला, की ती लवकर कोमेजते.

केळ स्वतःला लवकर बदलू शकत नाही. मग तिला मदत कोणी करायची?

मित्रांनो, प्रत्येक सजीवाच्या पेशींत जनुके असतात. ‘असे वाढ, असे काम कर’ अशा सूचना त्यांत असतात. एखादे जनुक निवडून पेशीत घालण्याच्या विद्येला जनुकीय अभियांत्रिकी म्हणतात.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी केळीचेच एक जनुक निवडले. पाणी कमी पडले, की ते पेशींचे रक्षण करते. हे जनुक अधिक जोमाने काम करील, अशी योजना त्यांनी केली. पोस्टमन पत्र पोचवतो, तसे मातीतील एका जिवाणूने ते जनुक केळीच्या पेशींत पोचवले. त्या पेशींपासून रोपे तयार झाली. मग रोपांचे पाणी तोडले. काय झाले असेल? साध्या रोपांपेक्षा ही रोपे चांगली टिकली! खारेपणाही त्यांनी जास्त सोसला. हे काम २०११ साली प्रसिद्ध झाले. पण ही परीक्षा रोपांची होती. शेतातली परीक्षा त्याहून मोठी असते.

ती किती मोठी असते, ते ऑस्ट्रेलियात दिसले. तेथे केळीवर एक बुरशी पडते. ती मातीत राहते आणि पुराच्या पाण्याबरोबर पसरते. एका रानटी केळीला मात्र हा रोग होत नाही. शास्त्रज्ञांनी तिचे जनुक खाण्याच्या केळीत आणले. २०१२ साली शेतात चाचणी सुरू झाली. ही केळ लावण्याची आणि खाण्याची परवानगी मिळाली ती २०२४ साली. मध्ये बारा वर्षे गेली!

एवढी वर्षे कशाला? अन्न सर्वांच्या पोटात जाते, म्हणून ते नीट तपासावेच लागते. असे फळ खावे का, अशी शंका पुष्कळांना येते. शंका जरूर विचारावी आणि पुरावा पाहून उत्तर ठरवावे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. केळीचे खोड लाकडाचे नसते. ते पानांच्या देठांची गुंडाळी असते. मोठ्या सिक्लोनपुढे ते टिकत नाही. १९७५ सालच्या जेर्व्हेझ वादळाबद्दल आजीआजोबांना विचारा. एका जनुकाने सगळीच संकटे टळत नाहीत.

आणखी एक विचार करा. ती रानटी केळ कोणी निरुपयोगी म्हणून तोडून टाकली असती तर? जनुक कोठून आणले असते? म्हणूनच बेल्जियममधील लूव्हेन येथे केळीचे दीड हजारांहून अधिक नमुने काचेच्या नळ्यांत जपून ठेवले आहेत. तुमच्या परसात जुन्या जातीची केळ असेल, तर तीही जपा. उद्या तीच साऱ्या केळींच्या उपयोगी पडेल!



स्वाध्याय

१. मुनवे म्हणजे काय?
२. केळीच्या बागेतील सारी झाडे एकसारखी का असतात?
३. रानटी केळ का जपावी? चार ओळी लिहा.
४. तुमच्या घराजवळ केळीच्या कोणत्या जाती आहेत, ते मोठ्यांना विचारा व वर्गात सांगा.