जुनी सायकल



आमची जुनी सायकल बारा वर्षे गोठ्यात पडून होती. औंदा बाहेर काढली. रॉकेलने चेन धुतली. छर्रे पुसून ग्रीस भरले. तारा मोजल्या. पुढच्या चाकाला ३२, मागच्याला ४०. ओझे मागे जास्त, म्हणून तारा जास्त. एकही तुटली नव्हती. सायकल चकाकू लागली. नातवाला कॅरिअरवर बसवले नि आम्ही निघालो.

उतारावर ब्रेक दाबला. लागेना! रबर वाळून दगड झाले होते. पाय घासत कसेबसे थांबलो. नातू हसत होता. आमचे हात कापत होते.

'आधी तपासा, मग निघा,' असे पोरांना आम्ही जन्मभर सांगितले. आम्हीच विसरलो!

तर मंडळी, जुनी सायकल काढाल, तेव्हा आधी ब्रेकची रबरे बदला. चकाकी मागाहून.