एक लिटर इथेनॉलला पाणी किती?

इअरफोन लावा आणि कॅल्क्युलेटरही उघडा. आज थोडं गणित आहे.

मागच्या महिन्यात लातूरहून अण्णांचा फोन आला. "आरं, कारखाना आता इथेनॉल काढायलाय. दोन एकर ऊस लावावं म्हणतो. तुमच्या पुण्यातल्या गाड्या आपल्याच उसावर पळतील!"

मला भारीच वाटलं. आपल्या रानातलं इंधन, बाहेरून तेल कमी आणावं लागणार. पण एक्सेल उघडल्याशिवाय मला काही राहवत नाही.

तर बघा. एकरी ४० टन ऊस धरू. रसापासून थेट इथेनॉल केलं तर टनाला साधारण ७० लिटर मिळतं. म्हणजे एकरी २,८०० लिटर. छान!

आता पाणी. पाटानं भिजवलेल्या उसाला पाऊस धरून सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे एकरभर रानात दोन मीटर उंच पाणी उभं केल्यासारखं. झाले ८० लाख लिटर. करा भागाकार. एका लिटर इथेनॉलमागे जवळपास २,९०० लिटर पाणी! नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही आकडा याच्याच आसपास आहे, २,८६० लिटर. वर पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा एक तृतीयांश कमी.

आणि हे कुठे? २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे. तेव्हा मी बारावी देऊन घरीच होतो. घागरीसाठी रात्री नंबर लावायचो.

हे सगळं अण्णांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "पाण्याचं खरंय. पण उसाचा दर आधी ठरतो आन् कारखाना उचलतो. सोयाबीनचा हमीभाव कागदावर, मार्केटात कोण देतंय?"

याचं उत्तर माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं.

म्हणून मला वाटतं, इंधनाचं पीक म्हटलं की ते आपोआप पर्यावरणाचं भलं करतं असं नाही. ते कुठल्या पाण्यावर उभं आहे, ते आधी विचारायचं. आहे त्या उसाच्या मळीतून इथेनॉल काढणं वेगळं आणि कोरड्या भागात त्यासाठी नवा ऊस लावणं वेगळं. मका चार महिन्यांत निघतो, पाणीही कमी पितो, पण कोंबड्यांनाही तोच लागतो. तुराट्या, पऱ्हाट्यांपासून इंधन होतं, मात्र सगळंच रानाबाहेर नेलं तर जमिनीला काय उरणार? आणि शेतकऱ्यानं पाणी वाचवावं असं वाटत असेल, तर तुरीला, सोयाबीनला उसासारखी खरेदीची खात्री द्यायला हवी.

अण्णांचं अजून ठरलेलं नाही. अर्धा एकर ऊस ठिबकवर, बाकी तूर-सोयाबीन, असं बोलणं चालू आहे.

तुमच्या घरी ऊस असेल तर यंदा पाण्याच्या किती पाळ्या दिल्या, ते विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!