सिसीची गोळी

'स्नोफॉल' ही अमेरिकी मालिका २०१७ ते २०२३ या काळात चालली. विषय कोकेनचा धंदा. मला मात्र ती एका आईची गोष्ट वाटते.

१९८३ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये फ्रँकलिन सेंट हा कृष्णवर्णीय तरुण कोकेन विकू लागतो. माल पुरवणारा टेडी सीआयएचा माणूस. नफ्यातून निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना शस्त्रे जातात. टेडी काल्पनिक आहे. पण काँट्रांच्या जाळ्यात तस्कर होते, हे अमेरिकी सिनेटच्या केरी समितीने १९८९ मध्ये नोंदवले आहे.

मामा-मामी आधी धंद्यात साथ देतात, मग प्रतिस्पर्धी होतात. आई सिसी काही देवी नाही. मुलाच्या पैशातून जागा घेण्याचे व्यवहार तिनेच पाहिले. पण टेडी तिच्या मुलाच्या वडिलांना मारतो, पुढे फ्रँकलिनचे ७.३ कोटी डॉलर लुबाडतो. (शेवट सांगतोय, माफ करा.) पैसे परत मिळण्याच्या ऐन क्षणी सिसी टेडीला गोळी घालते. मुलगा कंगाल होतो, ती तुरुंगात जाते.

आता कायदा पाहा. १९८६ चा कायदा ५ ग्रॅम क्रॅकला ५०० ग्रॅम पावडरइतकीच, किमान पाच वर्षांची कैद देत असे. क्रॅक म्हणजे खाण्याच्या सोड्यात शिजवलेले तेच कोकेन! शिक्षा झालेले बहुसंख्य कृष्णवर्णीय. मी रोज कोडमध्ये अटी लिहितो; अशी अट कुणी लिहिली तर मी परत पाठवीन. २०१० मध्ये ते प्रमाण १८ वर आले, एकास एक झाले नाही.

मुलगा बिघडला की आपणही आधी आईलाच जाब विचारतो. सिसीने तो जाब टेडीला विचारला. तिने चूक केली का, यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे.