नखाग्रीची शुभ्र रेखा



ज्या नगरीत भरतनाट्यातील हस्तमुद्रा शेवटच्या रांगेतील रसिकालाही स्पष्ट दिसाव्यात म्हणून नर्तिकेची बोटे आलत्याने रंगवली जातात, जेथे वीणावादक तार छेडण्यासाठी उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा यांची नखे जपून राखतात, आणि जेथे आडी हा तमिळ महिना आला की मरुदाणीची, म्हणजे आपल्या मेंदीची, पाने वाटून त्या लगद्याच्या टोप्या मुलींच्या बोटांवर चढतात, त्या चेन्नईत नखांच्या प्रसाधनाविषयी बोलताना विषय क्षुल्लक असल्याबद्दल क्षमा मागण्याचे काही कारण मला दिसत नाही. आपणा मराठी माणसांना तर या परंपरेशी नाते सांगण्याचा विशेष अधिकार आहे. कारण भरतनाट्याच्या प्रयोगाला आजचा क्रम ज्यांनी लावून दिला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू तंजावरचे मराठा राजे सरफोजी महाराज यांच्या दरबारी आश्रयाला होते. त्याही पूर्वी कितीतरी शतके चरकसंहितेने केस, श्मश्रू आणि नखे यांच्या निगेला शौच, आयुष्य आणि रूप या तिहींची वृद्धी करणारे कर्म मानले आहे.

आज ज्या प्रकाराचा तपशील सांगावयाचा आहे, तो फ्रेंच मॅनिक्युअर म्हणून प्रसिद्ध आहे. नाव पॅरिसकडे बोट दाखवीत असले तरी त्याचा प्रसार १९७० च्या दशकात अमेरिकेत झाला, आणि त्याचे श्रेय सामान्यतः ऑर्ली या कंपनीचे संस्थापक जेफ पिंक यांना दिले जाते. हॉलिवूडमधील नटींना पोशाखागणिक नखांचा रंग बदलावा लागे, ही अडचण त्यामागे होती. निरोगी नखाकडे लक्षपूर्वक पाहिले तर या प्रसाधनाचे मर्म तत्काळ ध्यानी येते. त्वचेला चिकटलेला भाग गुलाबी आणि तिच्यापुढे वाढलेले टोक पांढुरके, ही निसर्गाचीच योजना आहे; फ्रेंच मॅनिक्युअर तीच योजना अधिक रेखीव करते, परके असे काही तीत आणीत नाही. म्हणूनच येथे रंगाच्या किमतीपेक्षा हाताच्या संयमाला महत्त्व आहे, आणि म्हणूनच ते घरी, स्वतःच्या हाताने, उत्तम साधू शकते.

पूर्वतयारीचा बंदोबस्त आदल्या संध्याकाळीच करावा. नखे कोरडी असतानाच कापावीत आणि कानशीने कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने घासावीत. पुढे-मागे रगडल्याने नखाचे पदर सुटतात. नंतर बोटे काही मिनिटे कोमट पाण्यात बुडवून नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी लाकडी काडीने हलकेच मागे सारावी, परंतु ती कापू नये. ती कातडी म्हणजे नखाच्या मुळाशी बसलेला पहारा आहे. तो उठला की जंतूंना वाट मोकळी होते, आणि चेन्नईसारख्या दमट हवेत नखुरडे होण्यास तेवढे निमित्त पुरते. भिजलेले नख पाणी शोषून फुगते आणि सुकताना आकसते, सबब त्याच वेळी रंग लावल्यास तो लवकर टवके होऊन निघतो. एका रात्रीची मुदत यासाठीच द्यावयाची.

दुसऱ्या दिवशी रिमूव्हरच्या बोळ्याने नखांवरील तेलाचा अंश पुसून प्रथम बेस कोटचा पातळ लेप द्यावा. तो वाळल्यावर शुभ्र रेखेची पाळी. कोपर आणि मनगट मेजावर टेकवावे, कुंचल्याचे टोक बाटलीच्या काठावर निथळून घ्यावे, नखाच्या डाव्या कोपऱ्यावर ते ठेवावे, आणि मग कुंचला जवळजवळ स्थिर राखून रंगवावयाचे बोटच सावकाश फिरवावे. हात थरथरणाऱ्यालाही अशाने एकसंध कमान साधते. ही कमान नखाच्या मुळाशी दिसणाऱ्या चंद्रकोरीशी मेळ राखणारी असावी आणि आखूड नखावर ती दोऱ्याइतकीच ठेवावी, कारण पांढऱ्याची हद्द वाढली की बोट तोकडे दिसते. रेषा हललीच, तर बारीक कुंचला रिमूव्हरमध्ये बुडवून ती जागच्या जागी दुरुस्त करावी. त्यावर पारदर्शक रंगाचा एक लेप द्यावा. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या वर्णावर थंड गुलाबी छटा खडूसारखी निस्तेज दिसते, तेव्हा पीच किंवा बदामी छटा पसंत करावी. अखेरीस टॉप कोट लावताना कुंचला नखाच्या धारेवरूनही फिरवावा, म्हणजे टोक सहसा उखडत नाही.

दोन लेपांमध्ये निदान दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत. उकाड्यामुळे पंखा जोरात सोडून त्याखाली हात धरण्याचा मोह होतो. पण त्यामुळे वरचा थर आधी सुकतो, आतील द्रावक अडकते आणि बुडबुडे उठतात. हीच द्रावके चटकन पेट घेतात, म्हणून हे काम गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातील निरांजनापासून दूर, खिडकीपाशी बसून करावे.

आता येथल्या दोन खास अडचणी. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य नखातील केरॅटिनला पक्के जखडून बसते आणि नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. त्यामुळे आडीत रंगलेली नखे डिसेंबरच्या सुमारास येणाऱ्या मार्गळी महिन्यातील संगीतोत्सवापर्यंत बहुधा पुरती कोरी झालेली नसतात. त्या वेळी टोकाशी केशरी कोर तेवढी उरली असेल, तर ती शुभ्र पट्ट्याखाली सहज झाकली जाते. मात्र नखाच्या मध्यावर मेंदी असेल, तर पारदर्शक लेप तिला लपवू शकत नाही, आणि अशा वेळी मरुदाणीचाच मान राखावा. दुसरी अडचण हळदीची. सांबारभात बोटांनी कालवून खाणाऱ्याच्या नखाग्रावरचा पांढरा रंग पिवळा पडतो. त्यावर उपाय म्हणजे टॉप कोटचा एक ताजा लेप दर दोन-तीन दिवसांनी देणे आणि जेवण होताच हात साबणाने धुणे.

आठवड्याभराने कडा झिजल्या की रंग खरवडून काढू नये; रिमूव्हरचा बोळा क्षणभर दाबून धरावा, मग पुसून घ्यावा, आणि नखांना खोबरेल तेल चोळून पुढचे काही दिवस ती उघडी ठेवावीत. त्या दिवसांत ती उजेडात नीट न्याहाळावीत. नखे फिकट होऊन चमच्यासारखी खोलगट झाली असतील, तर ते बहुधा रक्तातील लोहाच्या उणिवेचे लक्षण असते. एखाद्या नखावर नवी काळी रेघ उमटली असेल, तर तीही दुर्लक्षिण्याजोगी नव्हे. अशा वेळी नखे रंगवण्याचा बेत लांबणीवर टाकून, ती तशीच उघडी घेऊन, आधी डॉक्टरांकडे जावे.