वाकळ शिवणारीला परवाना कुणाचा?



व्याख्यानाचा विषय पत्रकावर वाचून बाजारात मला दोघांनी अडवलं. वाकळ आणि सॉफ्टवेअर यांचा मेळ कसा काय? एकाला तर वाटलं, छपाईत घोटाळा झालाय. पत्रक माझ्याच दुकानात छापलेलं असल्यामुळं ती शंका मी तिथंच मिटवली. माझी हयात डीटीपीत गेली. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, फुटबॉल स्पर्धेची पोस्टरं. त्यामुळं सॉफ्टवेअरचा परवाना या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं समजा. वाकळीवर बोलायचा अधिकार इथं समोर बसलेल्या आयाबायांचा. मी फक्त निमित्त सांगतो.

वाकळ म्हणजे काय हे गडहिंग्लजच्या सभागृहात सांगायला नको. जुनी लुगडी, धोतरं, एकावर एक थर, आणि कडेनं सुरू होऊन आत आत येत जाणारा धावदोरा. संकेश्वरच्या पुढं कानडी मुलखात हिचीच कौदी होते. आणखी खाली हल्याळ-यल्लापूरकडं गेलात, तर सिद्दी बायका तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या शिवून फुलं करतात. फुलांवाचून ती त्यांना उघडी वाटते. या सगळ्या मुलखात एक गोष्ट सारखीच. शेजारणीची वाकळ वाळत घातलेली बघायची, चौकोन कसे जोडलेत ते डोळ्यांत भरून घ्यायचं आणि घरी येऊन आपली शिवायची. नमुना कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

आता निमित्त. आपल्या तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या एक बाई चारपाच जणींना हाताशी धरून ऑर्डरीच्या वाकळी शिवतात. पुण्या-मुंबईकडं जातात, परदेशातल्या नातेवाइकांकडंही जातात. भाच्यानं त्यांना वाकळीची डिझाइनं करायचा एक परदेशी प्रोग्राम घेऊन दिला. पावती आहे, रीतसर पैसे मोजलेत. प्रोग्राम गुणी होता, हे आधी सांगतो. चौकोन आखायचे, त्यात कापडाचे फोटो भरायचे, रंग बदलून बघायचे. शेवटी कुठल्या रंगाचं कापड किती लागेल आणि शिवणीत पाव इंच कुठं जाईल, हे तो आपणहून काढून देई. बाईंनी घरातल्या इरकली लुगड्यांच्या काठांचे फोटो काढून त्यात घातले होते. लाल काठ, टोपपदर, मधल्या बारीक चौकड्या. प्रत्येक ऑर्डरीची एक फाइल.

पावसाळ्याच्या तोंडाला वीज कडाडली आणि संगणक जळाला. फायली पेनड्राइव्हवर होत्या, त्या वाचल्या. नव्या संगणकावर प्रोग्राम घातला, तर तो म्हणाला, परवाना क्रमांक वापरून झालेला आहे. अशा प्रोग्रामांचे परवाने बहुधा एकदोन संगणकांपुरते असतात, आणि जुन्या संगणकावरचा परवाना सोडवून घ्यायचा तर तो जुना संगणक चालू लागतो. हा तर जळालेला! कंपनीला पत्र गेलं, उत्तर आलं: ही आवृत्ती आता आम्ही सांभाळत नाही, नवी घ्या. नवी घ्यायला बाईंची ना नव्हती. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. मला म्हणाल्या, "नमुना म्या काढला, आन् बघायला परवानगी त्यास्नी मागायची व्हय, दादा?"

माझ्या मते या सगळ्या भानगडीचं मर्म याच प्रश्नात आहे. आपण किमतीवरून भांडत बसतो. किंमत जास्त असेल तर माणूस घेत नाही, विषय संपला. पण घेतलेल्या हत्यारानं आपण काम केलं आणि ते काम हत्यार विकणाऱ्याच्या कुलपात गेलं, तर ती तक्रार किमतीची राहत नाही.

आणि हा अनुभव आपल्याला नवा नाही. मराठी छपाईनं तो आधीच घेतलाय. डीटीपी आलं तेव्हा मराठी टायपांची पॅकेजं डोंगलसकट येत. नव्या पिढीला डोंगल म्हणजे इंटरनेटचा वाटतो. आमचा डोंगल म्हणजे कुलूप. काडेपेटीएवढा ठोकळा. संगणकाच्या पाठीमागं पंचवीस छिद्रांचा प्रिंटर पोर्ट असे, त्यात तो बसवायचा, स्क्रू आवळायचे आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल लावायची. ठोकळा जागेवर असेल तर अक्षरं उमटणार. पिन वाकली, धूळ बसली, पोर्ट जळाला की ऐन लग्नसराईत दुकान बंद. 'चि. सौ. कां.' जुळवून ठेवलंय, मुहूर्त तोंडावर आलाय, वधूपिता दारात उभा आणि आम्ही खोडरबरानं डोंगलच्या पिना घासतोय, हे चित्र त्या काळच्या कुठल्याही डीटीपीवाल्याला विचारा. एका कंपनीनं आम्हाला सांगितलं होतं, डोंगल खराब झाला तर जुना पाठवा, बदलून देऊ. हरवला तर पूर्ण पॅकेज नव्यानं घ्या. पुढं संगणकांना तो पोर्टच येईनासा झाला.

डोंगल मात्र निदान डोळ्यांना दिसायचा. खरं कुलूप अक्षरांच्या आत होतं. जुन्या फाँटात जागा २५६. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले: अर्धा क, काना, रफार. कुठला तुकडा कुठल्या जागी, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. श्रीलिपीतला मजकूर आकृतीत उघडला की कचरा, आकृतीतला एपीएसमध्ये उघडला की दुसरा कचरा. फाँट काढून घेतला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. भारतीय लिप्यांसाठी इस्कीचं सरकारी प्रमाणक १९९१ साली आलं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आणि तिच्यात देवनागरी होती. म्हणजे वाट होती. पण आपली सगळी पानं पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये, आणि पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत समजलं नाही. २००१ ची सातवी आवृत्ती ही त्याची अखेरची. आपल्याकडच्या कितीतरी दुकानांतून ती अजून निवृत्त झालेली नाही.

याचा परिणाम काय झाला? साप्ताहिकांचे अंक, दिवाळी अंक, संस्थांचे सुवर्णमहोत्सवी ग्रंथ असे सीड्यांवर पडून राहिले. लेखकाचं लेखन लेखकाला उघडता येत नाही. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांतून जोडाक्षरं कशी फुटून बाहेर येतात हे ज्यांनी मुद्रितं तपासलीत त्यांना विचारा.

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर हे व्याख्यान नव्हे, गाऱ्हाणं होईल. मराठी अक्षरांचा एक फाँट काढायचा म्हणजे शेकडो आकार हातानं घडवायचे. गिऱ्हाईक थोडं. आणि आपल्या पेठेत एकानं घेतलेली सीडी संध्याकाळपर्यंत गल्लीभर फिरायची. कुलूप त्यातूनच आलं. १९७६ साली बिल गेट्सनं हौशी संगणकवाल्यांना उघडं पत्र लिहून हीच तक्रार केली होती: यंत्राचे पैसे देता, प्रोग्राम मात्र फुकट उचलता. तक्रार खोटी नव्हती. पण कुलपाचा बंदोबस्त कुणाला जाचला ते बघा. चोरीच्या प्रतीत कुलूप तोडलेलंच असतं. ती ना डोंगल मागते ना क्रमांक. पावती फाडणारा तेवढा दारात अडकतो.

कायदा काय म्हणतो? कर घ्यायची वेळ आली की सॉफ्टवेअर हा माल. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सांगितलं, तयार मिळणारं सॉफ्टवेअर हा मालच, त्यावर विक्रीकर लागू. २०२१ च्या मार्चमध्ये आणखी एका निकालात म्हटलं, परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे रॉयल्टी नव्हेत, ती वस्तूची किंमत. म्हणजे कराच्या पावतीवर आपण खरेदीदार, आणि 'मला मान्य आहे' या बटणावर बोट ठेवलं की केवळ परवानाधारक. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मात्र वाचण्यासारखं आहे. रीतसर प्रत बाळगणाऱ्याला, ज्या कामासाठी प्रोग्राम दिला त्या कामासाठी तो वापरताना प्रती काढायची आणि नष्ट होण्याच्या भीतीनं राखीव प्रत ठेवायची मुभा त्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं डिजिटल कुलूप तोडणं हा गुन्हा ठरला, पण तोही हक्क बुडवण्याच्या इराद्यानं तोडलं तर. बाई पूर्ण निर्धास्त आहेत असा निर्वाळा मी देत नाही, वकील सभागृहात बसलेत. पण कायदा पाठीशी असून उपयोग काय? कुलूप उघडायची विद्या बाईंकडं नाही, आणि वाकळीच्या फायलींसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

सॉफ्टवेअर विकलं की नुसता परवाना दिला, यावर बाहेरही एकवाक्यता नाही. अमेरिकेत व्हर्नर नावाच्या माणसानं एका वास्तुविशारदांच्या कार्यालयातून ऑटोकॅडच्या जुन्या प्रती विकत घेतल्या आणि पुढं विकायला काढल्या. २०१० मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं सांगितलं, मुळात विक्री झालेलीच नव्हती, तो परवाना होता. दोनच वर्षांनी युरोपच्या न्यायालयानं ओरॅकलच्या खटल्यात उलटा निकाल दिला: कायमचा परवाना पैसे घेऊन दिला म्हणजे विकलं, घेणारा तो पुढं विकू शकतो. एका किनाऱ्यावर माल, दुसऱ्यावर मेहेरबानी.

वाकळीच्या प्रोग्रामांबद्दल मला जास्त राग येतो, त्याचं कारण सांगतो. त्यांत तयार नमुने हजारोंनी येतात. त्यांतले कितीतरी अमेरिकेतल्या शेतकरी बायकांनी जोडलेले, हातोहात फिरलेले. 'कॅन्सस सिटी स्टार' या दैनिकानं १९२८ ते १९६१ असे नमुने छापले. बायका ते कापून जपून ठेवत. सार्वजनिक विहिरीचं पाणी बाटलीत भरावं, बाटलीचे पैसे घ्यावेत, इथवर ठीक. पण त्या बाटलीत आपण भरलेलं पाणीही विकणाऱ्याच्याच कुलपात जावं, हे ठीक नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपला अख्खा जिल्हा रातोरात नमुन्याच्या मालकीवर बोलायला लागला होता. बरोबरच होतं ते. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. पण आपल्या बाईचा नमुना तिच्याच पेनड्राइव्हवर अडकला, याची बातमी होत नाही.

शिलाई यंत्राचा इतिहास या प्रकरणात फार बोलका आहे. अमेरिकेत त्याच्या पेटंटांवरून एवढी कोर्टबाजी झाली की १८५६ साली सिंगर, हाव आणि इतरांनी पेटंटं एकत्र करून यंत्रामागं वसुली सुरू केली. ती १८७७ मध्ये पेटंटाची मुदत सरल्यावर थांबली. त्याच १८५६ च्या सुमारास सिंगर कंपनीनं हप्त्यांनी यंत्र विकायला सुरुवात केली. हप्ता चुकला तर यंत्र उचलून नेत, त्यात दयामाया नव्हती. पण शेवटचा हप्ता भरला की यंत्र त्या बाईचं. तिनं ते लेकीला द्यावं, विकावं, गल्लीतल्या मिस्त्रीकडून खोलून घ्यावं. २०१३ मध्ये ॲडोबी कंपनीनं आपल्या मोठ्या प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्या विकणं बंद करून त्या महिन्याच्या वर्गणीवर नेल्या, तेव्हापासून आमच्या धंद्यात हप्ता आहे आणि शेवटचा हप्ता नाही.

मग करायचं काय? रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरची गोष्ट छापखानेवाल्याला पटण्यासारखी आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेत प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यानं स्वतः दुरुस्त करून, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्याचा मूळ प्रोग्राम मिळेना. ज्या माणसाकडं होता, त्यानं 'मी न देण्याच्या करारावर सही केली आहे' म्हणून हात वर केले. १९८३ मध्ये स्टॉलमननं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली. कागद अडकल्याच्या वैतागातून माणूस एवढं काही उभं करू शकतो, हे आमच्या कामगारांना मी अधूनमधून ऐकवतो, ते हसतात.

त्या चळवळीचं पीक आज आपल्या घरात आहे. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' फाँट परवान्याच्या कटकटीशिवाय कुणीही वापरावा, बदलावा. पत्रिका त्यात देखणी होते. पानं लावायला स्क्रायबस. नमुने आखायला इंकस्केप, आणि भरतकामाच्या यंत्रासाठी त्याला जोडून चालणारं इंक-स्टिच. इंकस्केपची फाइल एसव्हीजी या खुल्या प्रमाणकात असते. उद्या इंकस्केप नाहीसं झालं तरी ती दुसरीकडं उघडेल. खोटं कशाला सांगू, कापड किती लागेल हे ते काढून देत नाही. तो हिशेब बाईंना वहीवर करावा लागतो, आणि सुरुवातीला त्यांना ते आवडलं नाही. विकल्या गेलेल्या वाकळींचे फोटो गिऱ्हाइकांकडून मागवून त्या नमुने पुन्हा आखताहेत. इरकलीचा काठ जमलाय, चौकड्या अजून जमल्या नाहीत.

पैसे मोजून प्रोग्राम घेऊ नका, असं मी म्हणत नाही. मी स्वतः घेतो. मोजण्याआधी विकणाऱ्याला चार गोष्टी विचारा. माझं काम दुसऱ्या कुठल्या फाइलीत बाहेर काढता येतं? संगणक मेला तर परवाना कसा सोडवायचा? प्रोग्राम चालायला दर वेळी तुमच्या सर्व्हरला विचारावं लागतं का? आणि तुमची कंपनी बंद पडली तर? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक विक्रेते हसतात. हसण्यावर नेऊ नका, लेखी मागा. बचत गटांना अनुदानातून सॉफ्टवेअर देणाऱ्या खात्यांनी या लेखी उत्तरांची अट निविदेतच घालावी. केंद्र सरकारनं २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणकांचं धोरण केलंच आहे. तेच बोट धरून तालुक्यापर्यंत यायला हरकत नसावी.

ज्यांच्या घरी जुन्या फाँटातल्या मराठी फायली पडून आहेत, त्यांनी त्या सीड्या पुढच्या आठवड्यात दुकानात घेऊन याव्यात. माझ्याकडं दोन जुने डोंगल अजून चालतात. उघडतील तेवढ्या उघडून युनिकोडमध्ये करून देऊ, जोडाक्षरं ज्याची त्यानं तपासायची. आता प्रश्न विचारा.